व्यसनमुक्तीनंतर घरी: मर्यादा कशा आखायच्या, जुना आघात असेल तर काय बदलतं?

गटसाथी

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी चार पानांचं टिपण करायचंय. 'मर्यादा आखा' हा सल्ला सगळेच देतात, पण म्हणजे सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं हे कुणी सांगत नाही. गटात येणारी घरची मंडळी दोन टोकांना असतात. काही जण सगळं पोटात घालतात. काही जण एकदम 'या घरात तुला जागा नाही' इथवर जातात आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच दार उघडतात. त्यात पेशंटच्या मागे लहानपणीची मारहाण, लैंगिक अत्याचार, अपघात असं काही असेल तर घरचे आणखी गोंधळतात. कडक वागलं तर जखम उघडेल, मऊ वागलं तर दारू परत सुरू होईल, अशी दुहेरी भीती.

माझे प्रश्न:

१. मर्यादा आणि धमकी यात फरक काय? वाक्य कसं असावं?
२. आघाताची लक्षणं कुठली आणि व्यसनाचं वागणं कुठलं, हे घरच्यांनी कसं ओळखायचं?
३. 'आधी वर्षभर सोबर राहा, मग आघाताचं बघू' असं सांगतात. बरोबर आहे का?
४. मर्यादा-बिर्यादा बाजूला ठेवून थेट दवाखाना केव्हा गाठायचा?

अनुभवकथन नको, ते गटात भरपूर होतं. कामाला येईल असं सांगा.

जुईचा_मांडव

पहिला प्रश्न घेते, निम्मा घोळ तिथेच आहे.

'उद्यापासून तू पिणार नाहीस' ही मर्यादा नव्हे, तो हुकूम आहे. तो अमलात आणायचं कुठलंच साधन तुमच्या हातात नाही. मर्यादा स्वतःच्या वागण्याला असते: अमुक झालं तर मी तमुक करणार. वाक्य तयार झालं की तीन प्रश्न विचारा. यात कृती कुणाची आहे, माझी की त्याची? ती करायला त्याचं सहकार्य लागतं का? आणि रात्री दोन वाजता, मी दमलेली असताना, विसाव्या वेळीही मला ती जमेल का? एका जरी प्रश्नावर अडलात तर वाक्य परत लिहा.

'परत प्यायलास तर घटस्फोट' हे तिसऱ्या प्रश्नावर पडतं. पहिल्यांदा तो पिऊन येतो, घटस्फोट काही होत नाही, आणि या घरात बोललेलं खरं होत नाही एवढंच त्याला कळतं. त्यापेक्षा हे बघा: 'तू पिऊन आलास तर त्या रात्री मी तुझ्याशी कुठल्याही विषयावर बोलणार नाही. मी आणि मुलं आतल्या खोलीत झोपू. सकाळी चहा झाल्यावर बोलू.' अगदी कंटाळवाणं वाक्य आहे, पण प्रत्येक वेळी पाळता येतं. शेवटचं 'सकाळी बोलू' गाळू नका. ज्याला लहानपणी कुणी तरी टाकून गेलंय त्याला नुसता अबोला म्हणजे 'ही पण गेली' असं वाटतं. परत कधी बोलणार हे आधीच सांगितलं की तीच कृती शिक्षा वाटत नाही.

सांगायची वेळ: तो शुद्धीत, जेवलेला, झोप झालेली. भांडण होऊन एक दिवस तरी उलटलेला. मिनिटभरात संपवायचं. 'तू नेहमी', 'तू कधीच', 'दोन वर्षांपूर्वी तू' यातलं काही नको. त्याने वाद घातला तर 'ऐकलं मी. माझं ठरलंय', एवढंच. समजावत बसलात की वाटाघाट सुरू झाली, आणि वाटाघाटीत व्यसनी माणसाचा हात कुणी धरू शकत नाही.

सुरुवातीला दोन, फार तर तीन मर्यादा. दहा कलमी यादी भिंतीवर लावणाऱ्या घरात पंधरवड्यात एकही कलम शिल्लक राहत नाही. बहुतेक घरांत पहिल्या तीन ठरलेल्याच: नशेत असताना संवाद नाही, रोख पैसे नाहीत, त्याच्या वतीने खोटं बोलणं नाही.

पैशाबद्दल तपशिलात सांगते, कारण गळती तिथूनच होते. 'पैसे देणार नाही' म्हणायचं आणि पाकीट टेबलावर ठेवायचं, असं चालत नाही. कार्डाचा पिन बदला, फोनमधल्या पैशांच्या ॲपला वेगळा पासकोड लावा, संयुक्त खात्यावर काढायची मर्यादा कमी करून घ्या, दागिने लॉकरमध्ये ठेवा. त्याची खरी गरज असेल (औषध, प्रवास, फी) तर पैसे थेट तिथे भरा. उधारी फेडू नका, जामीनही राहू नका. उधारी फेडली की सावकाराला कळतं की या माणसाला पैसे देणं सुरक्षित आहे, पुढच्या वेळी तो जास्त देतो.

ऑफिसचा फोन आला तर 'ताप आहे' नको आणि 'पिऊन पडलाय' पण नको. 'ते आत्ता फोनवर येऊ शकत नाहीत, नंतर स्वतः कळवतील.' खोटं नाही, चव्हाटाही नाही. परिणाम ज्याचा त्याच्याकडे जातो.

आता बिघडतं कुठे ते. मर्यादा सुरू केल्यावर वागणं आधी *वाढतं*. आजवर चौथ्या आरडाओरड्याला दार उघडत होतं. आता चौथ्याला उघडलं नाही की माणूस पाचवा, सहावा प्रयत्न करणारच. यात व्यसनी असण्याचा संबंध नाही, शिकण्याची रीतच अशी आहे. सातव्याला तुम्ही उघडलंत तर सात वेळा ओरडायचं असतं हे तुम्हीच शिकवलंत. पहिल्यापेक्षा वाईट अवस्था! म्हणून पाळता येणार नाही ती मर्यादा आखूच नका, आणि पहिले काही आठवडे तमाशा वाढणार हे सगळ्यांनी आधीच धरून चाला. वाढला म्हणजे उपाय फसला असं नाही.

दुसरं भोक म्हणजे घरातलंच कुणीतरी. आई, बहीण, मोठा मुलगा. सगळ्यांनी ठरवायचं आणि एकाने मागच्या दाराने शंभरची नोट सरकवायची. पेशंटच्या गैरहजेरीत घरच्यांची एक बैठक आधी घ्या. ज्याला 'नाही' म्हणताच येत नाही त्याच्या हाती रोकड राहू देऊ नका. त्याला दोष देत बसण्यात अर्थ नाही, त्याचा स्वभाव या वयात बदलणार नाही.

स्पष्टवक्ता

इतकं गुळमुळीत कशाला? व्यसनी माणूस तळाला आपटल्याशिवाय सुधारत नाही. घराबाहेर काढा, फोन बंद, पैसे बंद. तळ गाठला की आपोआप उपचाराला येतो.

जुईचा_मांडव

@स्पष्टवक्ता, तळ गाठून परत आलेलेच तुम्हाला दिसतात. जे तळाशीच राहिले ते गटात बोलायला येत नाहीत.

आकडे बघायचे तर 1999 साली प्रसिद्ध झालेली अमेरिकेतली एक तुलना आहे. उपचाराला नकार देणाऱ्या मद्यपींच्या घरच्यांना तीन पद्धतींत विभागलं होतं. सगळ्यांनी मिळून अचानक समोर बसवून जाब विचारायची पद्धत वापरली तिथे 30 टक्के पेशंट उपचाराला आले. घरच्यांनी अलिप्त होऊन फक्त स्वतःकडे बघायचं, या गटात 13 टक्के. क्राफ्ट नावाच्या पद्धतीत 64 टक्के. क्राफ्टमध्ये घरच्यांना शिकवतात ते असं: तो शुद्धीत असतो तेव्हा जवळ जा, चांगलं वागा, सोबत जेवा, फिरायला जा. प्यायलेला दिसला की शांतपणे बाजूला व्हा. प्यायल्याचे नैसर्गिक परिणाम झेलू नका. आणि उपचाराचं बोलणं काढायला योग्य क्षण हेरा, उदाहरणार्थ स्वतःच वैतागून 'कंटाळा आला या सगळ्याचा' असं तो म्हणतो तेव्हा. त्या क्षणी अपॉइंटमेंटची वेळ हाताशी तयार हवी. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली तर क्षण गेला.

अलिप्त गटाची बाजूही सांगायला हवी. त्यातल्या घरच्यांना स्वतःला बरं वाटलं, तो कुटुंबीयांच्या अशा मदतगटांचा मूळ हेतूच असतो. पेशंटला उपचाराला आणायचं असेल तर मात्र तेवढं पुरत नाही.

घराबाहेर काढणं कधीच नको असं मी म्हणत नाही. मारहाण होत असेल, घरात मुलं असताना विक्री चालत असेल, तर वेगळं राहणं हीच मर्यादा. पण ती सुरक्षिततेसाठी असावी, धडा शिकवायला नव्हे.

रात्रपाळी

चौथा प्रश्न माझ्याकडे. टिपणात हा भाग सगळ्यात वर आणि चौकटीत टाका.

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं. शेवटच्या पेगनंतर 6 ते 24 तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. फिट येण्याची शक्यता साधारण 6 ते 48 तासांत. 48 ते 96 तासांत भ्रम होऊ शकतो: वेळ-ठिकाणाचं भान जातं, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. यात माणूस दगावतो. घरच्यांची नेहमीची चूक अशी की पहिली रात्र पार पडली म्हणून निर्धास्त होतात आणि तिसऱ्या रात्री अवघड होऊन बसतं. आधी कधी विड्रॉवलमध्ये (नशा थांबल्यावर होणाऱ्या त्रासात) फिट आली असेल तर या वेळी घरी प्रयत्नच नको. 'मी उद्यापासून स्वतःच सोडतो' या निश्चयाचं कौतुक करा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

दवाखान्यात थायमिनचं (बी-1) इंजेक्शन देतात, ते टॉनिक नव्हे. अनेक वर्षं पिणाऱ्यात बी-1 संपलेलं असतं. अशा वेळी थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून 'अशक्तपणा आलाय, सलाइन लावा' असं सांगून भरती करताना पिण्याचा इतिहास लपवू नका. बदनामीच्या भीतीने लपवतात, नुकसान पेशंटचं होतं.

झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्यांची (डायझेपाम, अल्प्राझोलाम वगैरे) सवय असेल तर त्याही एकदम बंद करायच्या नाहीत. त्यातही फिट येते. डोस टप्प्याटप्प्याने, कित्येकदा काही महिने घेऊन उतरवतात. घरच्यांनी पट्टी खिडकीबाहेर फेकणं हा उपचार नाही.

ओपिऑइड (हेरॉइन, काही वेदनाशामकं) सोडतानाची टर्की (विड्रॉवलचा त्रास) भयंकर वाटते, पण एरवी धडधाकट माणसात जिवावर क्वचितच बेतते, उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी कमी होऊ दिलं नाही तर. जिवाचा धोका नंतर असतो. दोन-तीन आठवडे केंद्रात काढले की शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर पडून *जुन्याच* मात्रेने घेतलं की श्वास थांबतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळे, श्वास मंद किंवा घोरल्यासारखा, हलवून जाग नाही: लगेच रुग्णवाहिका बोलवा. नॅलोक्सोन (ओपिऑइडचा परिणाम उतरवणारं औषध) मिळत असेल तर द्या. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा डोस. तोवर तोंडाने श्वास द्या. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा. नॅलोक्सोनचा परिणाम 30 ते 90 मिनिटांत ओसरतो आणि मूळ औषध अजून रक्तात असतं, त्यामुळे 'उठून बसला, आता घरीच राहू दे' असं करू नका.

इथे मर्यादेचा प्रश्नच येत नाही. 'पिऊन आलास तर दार उघडणार नाही' असं ठरलेलं असलं तरी दाराबाहेर तो बेशुद्ध असेल, डोकं आपटलेलं असेल, उलटी होऊन घशात जात असेल तर दार उघडायचं. दवाखान्यात पोचवा, संवादाचा नियम नंतरही पाळता येतो.

'तू गेलीस तर जीव देईन' या वाक्यालाही तातडीची वैद्यकीय बाब म्हणूनच घ्यायचं. नाटक आहे की खरं, हे ठरवत बसू नका, आणि त्यापायी मर्यादाही सोडू नका. एकटं ठेवू नका, गोळ्या, दोर, धारदार वस्तू, कीटकनाशक हलवा, मदत बोलवा. खरं असेल तर जीव वाचतो. दबावासाठी असेल तर दर वेळी तपासणी होते आणि मर्यादाही तिथेच राहते, असं दिसल्यावर त्याचा वापर उतरतो.

आणि एक. डायसल्फिरामची (दारू सोडवायला देतात ती) गोळी भाजीत कालवून देणारे अजूनही आहेत. करू नका! त्यावर दारू घेतली तर चेहरा लाल, धडधड, उलट्या, रक्तदाब घसरणं, हृदयाचा त्रास असलेल्यात जिवाला धोका. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. पेशंटला माहीतच नसेल तर तो सावध राहील कसा? उलट संमतीने, रोज ठरल्या वेळी कुणाच्या तरी समोर घेतली तर तीच गोळी चांगलं काम करते. शेवटच्या दारूनंतर निदान 12 तास गेल्याशिवाय सुरू करत नाहीत. नाल्ट्रेक्सोन या व्यसनावरच्या दुसऱ्या औषधाचीही तशीच अट आहे: ओपिऑइड घेणाऱ्यात 7 ते 10 दिवस कोरडे गेल्याखेरीज दिलं तर एकदम जोरदार टर्की लागते.

आघात_आणि_उपचार

दुसरा आणि तिसरा प्रश्न.

लहानपणीचे आघात आणि व्यसन यांचं नातं आता पुरेसं स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या 1998 च्या मोठ्या अभ्यासात बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे प्रतिकूल अनुभव आलेल्यांत दारू-ड्रग्जचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असे अनुभव नसलेल्यांपेक्षा 4 ते 12 पट आढळला. म्हणजे आघात झालेला प्रत्येक जण व्यसनी होतो असं नाही, आणि प्रत्येक व्यसनामागे आघात शोधत बसायचीही गरज नाही. तो शोध हल्ली जरा फॅशनमध्ये आहे.

दारू 'काम करते' म्हणून माणूस ती घेतो, हे घरच्यांना आधी पटवा. आघात झालेल्याचं शरीर सतत सावध असतं: दार वाजलं की दचकणं, पाठीमागे कुणी उभं राहिलं की अस्वस्थ होणं, गाढ झोप नाही. दारू तासाभरात ते बंद करते. स्वप्नांची झोपही दाबते. मग दारू बंद झाली की दाबलेली स्वप्नं उसळून वर येतात. म्हणून विड्रॉवल संपल्यावर, घरी आल्याच्या पहिल्या काही आठवड्यांत, दुःस्वप्नं, चिडचिड, दचकणं वाढलेलं दिसतं. 'प्यायचा तेव्हा बरा होता' हे वाक्य याच काळात घरोघरी ऐकू येतं आणि परत पिणं सुरू व्हायलाही हाच काळ सोयीचा असतो. हे आधी सांगून ठेवलं तर अर्धी भीती जाते.

वेगळं ओळखायचं कसं? खरं सांगायचं तर सुरुवातीला तज्ज्ञालाही येत नाही. विड्रॉवलमध्येही बेचैनी आणि निद्रानाश असतोच. म्हणून आघाताचं निदान साधारण दोन ते चार कोरडे आठवडे गेल्यावर परत तपासतात. ढोबळ खुणा अशा: आघाताची प्रतिक्रिया कशाने तरी चाळवते (वास, आवाज, ठरावीक तारीख, एखादा नातेवाईक), क्षणात येते, माणूस गोठतो किंवा भडकतो, नजर हरवते, नंतर त्यालाच शरम वाटते. तलफेच्या मागे बहुधा तयारी असते: पैशांची जुळवाजुळव, बाहेर जायला कारण, ठरावीक वेळ, फोन लपवणं. दोन्ही एकामागोमाग येऊ शकतात, आणि येतातच. तेव्हा घरच्यांनी निदान करत बसू नये. कारण काहीही असो, मर्यादा *वागण्याला* लागते. आघात हे स्पष्टीकरण आहे, सूट नाही. 'तुझ्यावर जे झालं ते भयंकर होतं, आणि तू ताट फेकलंस की मी खोलीतून बाहेर जाणार.' या वाक्यात 'पण' नाही, ते मुद्दाम.

आघात असेल तर मर्यादा सैल करायची नाही, पद्धत बदलायची. अशा माणसाला कडकपणापेक्षा अनिश्चितता जास्त सोसत नाही. खोली तपासायची असेल तर 'मी कधीही येऊन बघेन' असं म्हणणं म्हणजे भोंगा चालू करून ठेवणं. 'रविवारी अकराला, तुझ्यासमोर, दोघं मिळून' असं ठरवा. तो आधी लपवेल, हा आक्षेप येणारच. लपवू दे, चोर पकडणं हा हेतू नाही, त्यासाठी दवाखान्यातली चाचणी आहे. बोलताना दारात उभं राहून वाट अडवू नका. मागून खांद्यावर हात ठेवू नका. बाहेरून कडी लावू नका, कोंडून ठेवलेल्या मुलाचा आता चाळीस वर्षांचा झालेला देह त्या कडीच्या आवाजाला आजही घाबरतो.

तो गोठला किंवा भूतकाळात गेल्यासारखा दिसला तर: एक पाऊल मागे, आवाज खाली, बाजूला बसा. नाव घेऊन सांगा, 'तू आत्ता स्वयंपाकघरात आहेस. मी इथे आहे. दार उघडं आहे.' पाय जमिनीला टेकवायला सांगा, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा, हातात गार पाण्याचा पेला द्या. विचारल्याशिवाय स्पर्श नको. काय आठवलं हे विचारू नका. विचारपूस प्रेमाने होते, पण उपचाराच्या खोलीबाहेर तपशील उकरून काढला की संध्याकाळची तलफ ठरलेली.

तिसरा प्रश्न: वर्षभर थांबायचा नियम जुना आहे. डिटॉक्सच्या (शरीरातली नशा उतरवण्याच्या) दिवसांत आघातावर खोल काम करत नाहीत, हे बरोबर. आधी झोप, औषधं, सुरक्षित जागा, तलफ आली तर काय करायचं याची तयारी. ती तलफ बहुधा 15-30 मिनिटांत शिखर गाठून उतरते, तेवढा वेळ काढायचं कौशल्य अंगी हवं. पण पुढे दोन्हींवर एकत्र उपचार करता येतात. 2012 साली ऑस्ट्रेलियातल्या 103 जणांच्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना आघातावरच्या एकत्रित थेरपीची जोड दिली. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या गटात आघाताची लक्षणं जास्त कमी झाली आणि व्यसन बळावलं नाही. वर्षभर थांबायला सांगितलेला माणूस बहुधा दुःस्वप्नांमुळेच त्या वर्षात परत पितो. मात्र हे काम दोन्ही विषय येणाऱ्याकडेच. एक थेरपिस्ट व्यसनाचा आणि दुसरा आघाताचा असेल तर दोघांनी एकमेकांशी बोलायची लेखी संमती पेशंटकडून घ्या, नाहीतर एक जण झोपेची गोळी सुरू करतो आणि दुसऱ्याला पत्ताच नसतो.

एक बाजू राहिलीच: मर्यादा बरा होणाऱ्याच्याही असतात. घरचे हे सहसा विसरतात. आघाताचा तपशील कुणालाही न सांगण्याचा त्याला अधिकार आहे, गटातल्या शेअरिंगमध्येसुद्धा. अत्याचार करणारा नातेवाईकच असेल तर त्याच्यासोबत एका पंगतीला न बसण्याचाही. 'झालं गेलं विसर, मोठ्यांना माफ कर' हा आग्रह करून वर 'तू का प्यायलास' विचारणं म्हणजे कमाल आहे. समारंभाला जायचंच असेल तर किती वेळ थांबायचं, निघायचं कसं आणि फोन कुणाला करायचा, हे घरून निघायच्या आधी ठरलेलं असावं.

गटसाथी

सगळ्यांचे आभार, यातलं बरंच थेट टिपणात जाईल. तीन गोष्टी अजून. बायका रोज तोंडाचा वास घेतात, फोन तपासतात, घरी चाचणीच्या पट्ट्या आणतात. हे चालेल का? दुसरं, परत एकदा प्यायला तर त्याच रात्री काय? आणि मुलांना काय सांगायचं?

रात्रपाळी

वास घेणं बंद करा. चुकतं, आणि रोजचं भांडण तिथून सुरू होतं. चाचणी हवी असेल तर दोघांच्या संमतीने, ठरल्या वेळी, शक्यतो दवाखान्यात. नवरा-बायकोत पोलीस-आरोपीचं नातं झालं की मागे फिरणं कठीण.

श्वासाचं यंत्र वापरणारच असाल तर: माउथवॉश किंवा दारू असलेलं खोकल्याचं औषध घेतलं असेल तर तोंडात राहिलेली दारू दिसते. 15 मिनिटं थांबून परत घ्या. शरीर तासाला साधारण एक प्रमाणित पेग एवढीच दारू जाळतं. म्हणून काल रात्री भरपूर प्यायलेल्याच्या श्वासात सकाळीही सापडते, आणि परवा प्यायलेल्याच्या नाही. लघवीतल्या ओपिऑइडचा माग साधारण दोन-तीन दिवस लागतो. गांजा रोज ओढणाऱ्यात तर थांबल्यावरही महिनाभर पॉझिटिव्ह येऊ शकतो, तेव्हा त्या पट्टीवरून 'परत ओढलास' असा आरोप करू नका. घरगुती पट्टी प्राथमिक असते. नोकरी, ताबा, घटस्फोट असा काही निर्णय अवलंबून असेल तर प्रयोगशाळेतून पक्की करून घ्यायची.

जुईचा_मांडव

स्लिपच्या (परत प्यायल्याच्या) रात्रीचं आधीच लिहून ठेवा, शुद्धीत असताना, त्याच्याच हस्ताक्षरात. त्या कागदावर एवढंच: कुणाला फोन करायचा (स्पॉन्सर म्हणजे गटातला अनुभवी सोबती किंवा समुपदेशक, दोन नंबर), उरलेली बाटली कोण ओतणार, कुठे झोपायचं, दुसऱ्या दिवशी किती वाजता दवाखाना. रात्री चर्चा नाही. 'आता सगळं संपलंच' या भावनेने एका पेगची पूर्ण बाटली होते, तेव्हा घरच्यांनी त्याच सुरात 'सगळं पाण्यात गेलं' म्हणायचं नाही. सहा महिने कोरडे गेले ते गेलेच, ते कुणी परत घेत नाही. दुसऱ्या दिवशी बसून फक्त मागचे दोन-तीन दिवस तपासा: झोप, भूक, भांडण, कोण भेटलं, कुठली गोळी चुकली. घसरण ग्लास उचलायच्या बरीच आधी सुरू झालेली असते.

फोन तपासणाऱ्या पत्नीला बावळट ठरवू नका. कित्येक वर्षं फसवली गेलेली बाईसुद्धा सावध झालेलीच असते, तिलाही दुःस्वप्नं पडतात. तिच्यासाठी वेगळा समुपदेशक आणि वेगळा गट हवा. पेशंटने माफी मागायची ठरवली म्हणून त्याच दिवशी ऐकून घ्यायची सक्ती तिच्यावर नाही. 'आज नको, मी सांगेन' हेही पुरेसं उत्तर आहे.

आघात_आणि_उपचार

एक मोठा अपवाद. घरात मारहाण होत असेल तर वर दिलेली 'आधी सांगा, मग करा' ही रीत वापरू नका. सोडून जाणार हे कळल्यावर धोका *वाढतो*. तिथे गुपचूप तयारी: कागदपत्रांच्या प्रती, जादा किल्ली, औषधं, थोडे पैसे आणि कपडे दुसऱ्या कुणाच्या घरी. मुलांशी ठरवलेला एक सांकेतिक शब्द. स्त्रियांना मदत करणाऱ्या संस्थेशी त्याच्या हाती न लागणाऱ्या फोनवरून संपर्क. अशा घरात नवरा-बायकोचं एकत्र समुपदेशनही टाळतात. खोलीत ती जे बोलते त्याची किंमत घरी जाऊन मोजते.

मुलांना वयाप्रमाणे, पण खरं. सात वर्षांच्या मुलाला: 'बाबांना दारूचा आजार आहे. तो तुझ्यामुळे झाला नाही, आणि तुला तो बरा करता येणार नाही. मोठी माणसं त्यावर काम करतायत.' 'बाबा दमलेत' असं सांगितलं तर मूल स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकतं. बाटल्या मोजायला, बाबांवर लक्ष ठेवायला मुलाला लावायचं नाही. कधी कुणाला फोन करायचा आणि शेजारी कुणाच्या घरी जायचं हे मात्र त्याला पाठ हवं. नंबर कागदावर नको, तोंडपाठ. मुलाच्या आईला विचारून शेजारच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर मूल रात्री दार वाजवेल आणि ते विचारतील, 'आई कुठाय?'